पास फुकट आहे, पण फाटकापुरता

अमेरिकेच्या सैन्यदलांतून सेवा करून बाहेर पडलेल्या माजी सैनिकांना तिथल्या केंद्र सरकारच्या पार्कांचा आजन्म पास, म्हणजे मिलिटरी पास, मोफत मिळतो. नॅशनल गार्ड आणि रिझर्व्ह या राखीव दलांमध्ये सेवा केलेलेही त्यात येतात. फौजेत गेलेली मुलं-मुली असलेली मराठी घरं आता तिकडे आहेत. २००९ ते २०१६ या काळात, अमेरिकी नागरिक नसलेल्यांनाही फौजेत घेणाऱ्या मावनी योजनेखाली भाषा किंवा वैद्यकीय ज्ञानाच्या जोरावर भरती झालेले भारतात जन्मलेले तरुणही आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या गाडीत बसून फिरणाऱ्या नातेवाइकांसाठी हे लिहितोय. पास मिळतो ही बातमी सगळीकडे पोचते. तो कुठे चालत नाही हे कुणी सांगत नाही, आणि बेत नेमका तिथे फसतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा पास म्हणजे सैनिकांवर केलेली मेहेरबानी नाही. यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पण ते सांभाळायला माणसं नव्हती. शिकारी प्राणी मारून नेत होते, येणारे-जाणारे गरम झऱ्यांभोवतीचे दगड फोडून नेत होते. १८८६ मध्ये तिथे लष्कर आलं आणि १९१८ पर्यंत राहिलं. मॅमथ हॉट स्प्रिंग्जला आज ज्या दगडी इमारती दिसतात, त्या फोर्ट यलोस्टोनच्या आहेत. १९०३ मध्ये सेक्वोया उद्यानाची जबाबदारी कॅप्टन चार्ल्स यंग या कृष्णवर्णीय घोडदळ अधिकाऱ्याकडे होती, आणि जायंट फॉरेस्टपर्यंत गाडीरस्ता पोचवला तो त्यांच्या सैनिकांनी. नॅशनल पार्क सर्व्हिस ही संस्था १९१६ ची. तिच्या कितीतरी आधी ही जंगलं सैनिकांनी राखली आहेत. त्यामुळे फाटकावर कार्ड दाखवताना कुणी संकोच करायचं काही कारण नाही.

सवलतीचा इतिहास मात्र अलीकडचा आहे. सेवेत असलेल्यांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना २०१२ पासून वार्षिक पास मोफत मिळू लागला. माजी सैनिकांना आणि गोल्ड स्टार कुटुंबांना, म्हणजे युद्धात किंवा लष्करी मोहिमेत घरातलं माणूस गमावलेल्यांना, ११ नोव्हेंबर २०२० पासून मोफत प्रवेश सुरू झाला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला आणि ११ नोव्हेंबर २०२२ ला आजन्म पास हातात आला. कायद्याला अलेक्झांडर लॉफग्रेन यांचं नाव आहे. अफगाणिस्तानात सेवा केलेला हा तरुण नंतर अमेरिकी संसदेतल्या एका सदस्याच्या कार्यालयात काम करत होता. एप्रिल २०२१ मध्ये डेथ व्हॅलीच्या दुर्गम भागात त्यांची गाडी अडकली आणि त्या प्रसंगात त्यांचा मृत्यू झाला. या प्रसंगाकडे खाली पुन्हा येईन, कारण पासाइतकंच ते महत्त्वाचं आहे.

आता कागदपत्रं. फाटकावर चार गोष्टींपैकी एक चालते: संरक्षण खात्याचं ओळखपत्र, व्हेटरन्स अफेअर्स या माजी सैनिकांच्या खात्याचं आरोग्य ओळखपत्र, त्याच खात्याचं व्हेटरन आयडी कार्ड, किंवा ‘व्हेटरन’ अशी नोंद असलेलं राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स वा आयडी. या यादीत डीडी-२१४ नाही, आणि सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच. सेवामुक्तीचा तो कागद घरी जपून ठेवलेला असतो, माणूस विश्वासाने तो घेऊन जातो, आणि त्यावर फोटो नसल्यामुळे फाटकावर ओळख पटवायला त्याचा उपयोग होत नाही. डीडी-२१४ कामाला येतो तो एक पायरी आधी. तो दाखवून राज्याच्या मोटार वाहन कार्यालयातून लायसन्सवर नोंद करून घ्या. माझ्या मते हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण लायसन्स एरवीही खिशात असतंच. आरोग्य ओळखपत्र फक्त त्या खात्याच्या आरोग्यसेवेत नाव नोंदवलेल्यांनाच मिळतं. गोल्ड स्टार कुटुंबांची पद्धत वेगळी आहे: पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावरून पात्रतेचं व्हाउचर छापून, सही करून न्यायचं.

पास प्रत्यक्ष जाऊन घेतला तर काहीच खर्च नाही. छापील कार्ड ऑनलाइन मागवलं तर प्रक्रिया आणि टपालाचे पैसे पडतात. प्रत्येक पार्कात पास देत नाहीत, म्हणून आधी फोन करून विचारा. मिळाल्यावर मागे सही करा आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र ठेवा. झेरॉक्स किंवा मोबाइलवर काढलेला कार्डाचा फोटो चालत नाही. आजन्म पास एकाच माणसाच्या नावाचा असतो, तेव्हा नवरा सैनिक आणि बायको एकटी मुलांना घेऊन निघाली तर तो पास घरीच ठेवावा लागतो.

यानंतरचा भाग जखमी किंवा आजारी माजी सैनिकांनी दोनदा वाचावा. कायमचं अपंगत्व असेल तर मिलिटरी पासऐवजी ॲक्सेस पास घ्या. तोही मोफत आणि आजन्म आहे, अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवासी दोघांनाही मिळतो. फरक मुक्कामाच्या पैशांत आहे. मिलिटरी पास प्रवेश शुल्क आणि साध्या सोयींचं शुल्क माफ करतो, कॅम्पिंगला एक डॉलरही कमी करत नाही. ॲक्सेस पासवर बऱ्याच केंद्रीय कॅम्पग्राउंडमध्ये निम्मे पैसे लागतात. रात्रीला ३० डॉलरची जागा १५ ला मिळते. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर बुकिंग करताना पासचा क्रमांक भरायचा, आणि ही सवलत पासधारक स्वतः राहतो त्या एका जागेलाच मिळते. शंभर टक्के अपंगत्व हवं असा नियम नाही. दैनंदिन जगण्यातली एखादी प्रमुख क्रिया कायमची आणि गंभीररीत्या मर्यादित झालेली असावी, आणि त्याला व्हेटरन्स अफेअर्सचं पत्र किंवा डॉक्टरांचं लेखी निवेदन जोडावं. असे कितीतरी लोक ‘मिलिटरी’ हा शब्द वाचून तोच पास घेतात आणि वर्षानुवर्षं मुक्कामाचे पूर्ण पैसे भरतात. फाटकावरचा कर्मचारी आपण जे मागू तेच देतो, म्हणून नेमकं काय मागायचं ते घरूनच ठरवून जा.

अपंगत्व नाही, पण वय ६२ किंवा त्याहून जास्त आहे आणि तंबू किंवा आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन फिरायची आवड आहे, त्यांनी सीनियर पासचा हिशेब करून पाहावा. आजन्म ८० डॉलर, किंवा एका वर्षाला २०. त्यावरही कॅम्पिंग निम्म्या दरात मिळतं. ३० डॉलरच्या जागी सहा रात्री राहिलात की ८० डॉलर वसूल होतात. फुकटचा पास हातात असताना ८० डॉलर का द्यायचे असं वाटतं, पण दर वर्षी आठवडाभर मुक्काम करणाऱ्याला पैसे देऊन घेतलेला पास स्वस्त पडतो.

खरं तर मिलिटरी पासवरही ही निम्मी सवलत असायला हवी. फाटकाचे ३० - ३५ डॉलर ही सहलीतली सगळ्यात लहान रक्कम असते. गाडी, पेट्रोल आणि मुक्काम हा मोठा खर्च, आणि नेमक्या तिथे हा पास गप्प आहे. शिवाय हा पास आपणहून मागावाच का लागतो? सेवा सोडणाऱ्यांसाठी नागरी जीवनाची तयारी करून घेणारा टॅप कार्यक्रम आहे. तिथेच अर्ज भरून घेतला तर कागदांची अर्धी कटकट संपेल.

पास ज्याला लागू होतो ते क्षेत्र मात्र प्रचंड आहे. २००० हून अधिक ठिकाणं आणि सहा खाती: पार्क सर्व्हिस, फॉरेस्ट सर्व्हिस, वन्यजीव खातं, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, ब्युरो ऑफ रेक्लमेशन आणि लष्कराचं अभियंता दल. गाडीमागे शुल्क असेल तिथे पासधारक आणि त्याच्या खासगी गाडीतले सगळे आत जातात. माणशी शुल्क असेल तिथे पासधारक आणि आणखी तीन प्रौढ. १६ वर्षांखालच्या मुलांना तसंही शुल्क नाही. दोन गाड्यांत माणसं भरली तर दुसऱ्या गाडीचे पैसे पडणारच. युटातली पाच पार्कं एका फेरीत केली तर झायन ३५, ब्राइस कॅन्यन ३५, आर्चेस ३०, कॅन्यनलँड्स ३० आणि कॅपिटल रीफ २०, असे १५० डॉलर एका गाडीमागे वाचतात.

आता लास व्हेगासहून निघणारी, मराठी कुटुंबांची ठरलेली फेरी घ्या. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमला पास चालतो. काचेचा स्कायवॉक आहे तो ग्रँड कॅन्यन वेस्ट, ती हुआलापाई जमातीची जमीन, तिथे पास चालत नाही. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटेलोप कॅन्यन नवाहो जमातीच्या जमिनीवर आहेत, तिथेही नाही. हॉर्सशू बेंडला पेज गावाच्या नगरपालिकेचं पार्किंग शुल्क द्यावं लागतं. व्हॅली ऑफ फायर नेवाडा राज्याचं, म्हणजे वेगळं तिकीट. शहराला लागून असलेलं रेड रॉक कॅन्यन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं आहे, तिथे पास चालतो, पण १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात दिवसा आत जायला वेळ आरक्षित करावी लागते आणि त्याचे २ डॉलर वेगळे. जमिनीचा मालक कोण, हा एकच प्रश्न नकाशा पाहताना विचारला तर यातला सगळा मनस्ताप टळतो.

बाकीच्या ठिकाणीही तसंच. नायगारा न्यू यॉर्क राज्याचं पार्क आहे. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला प्रवेश शुल्कच नाही, पैसे लागतात ते खासगी बोटीचे. माउंट रशमोरला पार्किंगचे १० डॉलर, पास असला तरीही. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये प्रवेश मोफत आहे, पण मार्च २०२३ पासून १५ मिनिटांपेक्षा जास्त गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो: दिवसाला ५, आठवड्याला १५, वर्षाला ४० डॉलर. तिथेही पासचा उपयोग नाही. हवाईतल्या हालेआकालाचा सूर्योदय, झायनमधला एंजल्स लँडिंग, योसेमिटीतला हाफ डोम यांची आरक्षणं आणि परवाने वेगळे काढावे लागतात. राज्यांच्या पार्कांमध्ये माजी सैनिकांना वेगळ्या सवलती असतात. टेक्सासमध्ये सेवेमुळे ६० टक्के किंवा अधिक अपंगत्व आलेल्यांना प्रवेश मोफत आहे. कॅलिफोर्नियात युद्धकाळात सेवा केलेल्या आणि सेवेमुळे ५० टक्के किंवा अधिक अपंगत्व आलेल्या रहिवाशांना दिवसाचा प्रवेशच नव्हे, तर कॅम्पिंगही मोफत मिळतं.

आणि पास फक्त नावाजलेल्या पार्कांसाठी वापरू नका. अभियंता दलाच्या धरणांजवळचे किनारे घराजवळ असतात, गर्दी कमी असते, वृद्धांना आणि लहान मुलांना तिथे बरं वाटतं. न्यू जर्सीतल्या लोकांना अटलांटिक सिटीजवळचं फोर्साइथ पक्षी अभयारण्य आहे, गाडीतून न उतरता पाणपक्षी पाहता येतात. वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांतल्या राष्ट्रीय जंगलांत लागणाऱ्या नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पासच्या जागी आणि दक्षिण कॅलिफोर्नियात तशाच ॲडव्हेंचर पासच्या जागी हाच पास चालतो. जिथे माणूस बसलेला नसतो तिथे तो आरशाला टांगून ठेवायचा, नाहीतर दंडाची चिठ्ठी येते. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या बऱ्याच मोकळ्या जमिनींवर तंबू टाकायला कुणालाच पैसे पडत नाहीत. साधारण नियम एका ठिकाणी २८ दिवसांत १४ दिवसांचा. पाणी, शौचालय, कचरापेटी काही नसतं. सगळं बरोबर न्यायचं, सगळं परत आणायचं.

अशा जागांसाठी लॉफग्रेन यांचा प्रसंग लक्षात ठेवा. सैन्यातलं प्रशिक्षण असलं तरी वाळवंट कुणाला ओळखत नाही. डेथ व्हॅलीतल्या कच्च्या रस्त्यांवर धारदार दगडांनी टायर फाटतात. भाड्याच्या गाडीत स्टेपनी बहुतेक छोटी असते किंवा नसतेच, आणि भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्यावर जायला अनेकदा मनाई असते. माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे जवळपास चार लिटर पाणी घ्या आणि त्यावर राखीव साठा ठेवा. मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण भाड्याने का होईना पण घ्या. कुठल्या रस्त्याने जाणार आणि कधी परतणार हे घरी लिहून द्या. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा. शोधपथकाला वरून गाडी दिसते, उन्हात चालणारा माणूस दिसत नाही.

भारतातून येणाऱ्या आईबाबांबद्दल. बाबा भारतीय लष्करातून निवृत्त झालेले असतील, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र अभिमानाने जवळ बाळगत असतील, तरी या पासासाठी ते चालणार नाही. कायदा अमेरिकी सैन्यदलांपुरता आहे. त्यांना हे आधीच घरी सांगा, फाटकावर त्यांना नकार ऐकायला लावू नका. १ जानेवारी २०२६ पासून आणखी एक नियम आला आहे. ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी, झायन, ब्राइस कॅन्यन यांच्यासह ११ पार्कांत अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांना, १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला, २५० डॉलरचा वार्षिक पास नसेल तर प्रवेश शुल्काशिवाय १०० डॉलर जास्तीचे आहेत. म्हणून पाहुणे बरोबर असतील तेव्हा मार्ग ठरवण्याआधी त्या त्या पार्काचं शुल्काचं पान वाचा. त्या ११ मध्ये आर्चेस आणि कॅन्यनलँड्स नाहीत. मोआब गावात मुक्काम केला तर दोन्ही होतात, आर्चेसमधल्या बऱ्याच कमानी गाडीतूनच दिसतात, आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी कॅन्यनलँड्सचा आयलंड इन द स्काय हा भाग उत्तम आहे. शेजारचं डेड हॉर्स पॉइंट मात्र राज्याचं पार्क आहे, तिथले पैसे वेगळे ठेवा.