अंतर भागिले वेग? विमानाच्या बाबतीत हे गणित सोडा

दोन शहरांमधलं हवाई अंतर घ्यायचं, ताशी नऊशेनं भागायचं आणि येईल तो आकडा 'विमानाला लागणारा वेळ' म्हणून ठोकून द्यायचा. नेटवर असे आकडे पोत्यानं पडलेत आणि लोक त्यांच्या भरवशावर पुढची फ्लाइट बुक करतात!

लंडन–न्यूयॉर्क घ्या. अंतर साधारण ५,५५० किलोमीटर. भागाकार केला तर सहा तास आणि वर थोडी मिनिटं. वेळापत्रक बघा: लंडनहून जाताना आठ तासांच्या आसपास, परतताना सातच्या आसपास. अंतर तेच, विमानही तेच. फरक पाडतो तो साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा. पूर्वेकडे जाणारी विमानं मुद्दाम त्याच्या प्रवाहात शिरतात, पश्चिमेकडे जाणारी त्याला टाळून लांबचा रस्ता धरतात. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी आवाजाचा वेग वगैरे काही ओलांडला नव्हता हं, भोवतालची हवाच त्याच्यासोबत धावत होती.

बरं, तिकिटावरची वेळ तरी हवेतली असते का? तीही नाही. विमान गेटवरून हललं तिथपासून दुसऱ्या गेटला लागलं तिथपर्यंत सगळं त्यात आलं. रनवेकडे रांगेत सरकणं, उतरायची परवानगी मिळेपर्यंत वर घिरट्या घालणं, आणि वर कंपनीनं स्वतःच्या सोयीसाठी घातलेली जास्तीची मिनिटं. 'आपण वीस मिनिटं आधी पोचलो' अशी घोषणा झाली की आपण खूश! ती वीस मिनिटं बहुतेक वेळा वेळापत्रकातच दडवून ठेवलेली असतात. जवळच्या शहरांमध्ये तर भागाकार पार झोपतो, कारण तिथे जमिनीवरचा वेळ हवेतल्या वेळाच्या तोडीस तोड होतो.

आणि राजकारण? हेलसिंकी–टोकियो हा युरोपातून जपानला जायचा जवळचा रस्ता. २०२२ च्या आधी साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. युक्रेन युद्धामुळे युरोपीय कंपन्यांना रशियाची हवाई हद्द बंद झाली आणि तोच प्रवास तेरा तासांच्या घरात गेला, काही विमानं तर उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. दोन शहरांमधलं अंतर तसूभरही बदललेलं नाही. म्हणून कोणी नुसते किलोमीटर सांगितले की मला त्यातून फार तर तिकीट महाग असेल की स्वस्त, एवढाच अंदाज येतो. तोही कित्येकदा चुकतो.

तेव्हा जाण्याची आणि येण्याची वेळ वेगवेगळी बघा. त्याच फ्लाइट नंबरचं विमान गेल्या काही आठवड्यांत प्रत्यक्ष कधी पोचलं, हे फ्लाइट ट्रॅकरवर दिसतं, तेही बघा. सुटायची आणि पोचायची वेळ त्या त्या शहरातली असते, त्यामुळे नुसती वजाबाकी करू नका. एवढं झाल्यावर मग दोन फ्लाइटमध्ये दीड तास पुरेल की नाही ते ठरवा. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर जास्तच वेळ ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी सहसा तुमच्यासाठी काही करत नाही, नवीन तिकीट खिशातूनच काढावं लागतं.