एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर: मॅकबुक प्रो मिड २०१२, सोनोमा आणि गायब झालेलं वायफाय

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे, पण "२०१६ चा सांगून २०१२ चा मॅकबुक गळ्यात मारला, क्रोम अपडेट होत नाही, अपग्रेड केलं तर वायफाय गेलं आणि दुकानदार हात वर करतो" हे वाचून उद्या येणारं गिऱ्हाईक काय समजेल, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आधी वर्षाचं बघू. तुमच्याकडे आहे तो १३ इंची मॅकबुक प्रो, मिड २०१२, खालच्या बाजूला बारीक अक्षरात ए१२७८ हा मॉडेल नंबर लिहिलेला. हे मॉडेल ॲपलने जून २०१२ मधे आणलं आणि ऑक्टोबर २०१६ पर्यंत तसंच विकलं. पहिल्या मालकाने तुमचं मशीन २०१६ मधे नवं घेतलं, त्याचं बिल बॉक्समधे घालून दिलंय, आणि आमच्या बिलावर मिड २०१२ असंच लिहिलंय, म्हणजे दोन्ही खरं आहे. काउंटरवर अबाउट धिस मॅक (मशीनची माहिती दाखवणारी खिडकी) उघडून दाखवलं तेव्हा तुमची मुलगी नीट बघत होती, तुम्ही फोनवर होतात.

आता अपग्रेड. घेताना तुम्ही म्हणालात "लेटेस्ट टाकून द्या" आणि आम्ही सांगितलं की या मशीनला ॲपलकडून मिळणारं मॅकओएसचं (मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं) शेवटचं व्हर्जन म्हणजे कॅटालिना, २०१९ चं, त्याच्यापुढे ॲपल नेत नाही. तेच टाकून दिलं. २०१२ मधे लायन या जुन्या व्हर्जनवर आलेलं मॉडेल कॅटालिनापर्यंत गेलं हेच खूप झालं. २०२० च्या बिग सरमधे ॲपलने या मॉडेलचं नाव यादीतून काढलं, मॉन्टेरेत याच्या इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सचे ड्रायव्हर काढून टाकले, आणि त्यानंतरच्या सोनोमात याचं वायफायही आपोआप चालत नाही. आणि तुम्ही घरी जाऊन यूट्यूबवर बघून टाकलंत काय, तर सोनोमाच.

ते ज्याने टाकलंत तो ओपनकोअर लेगसी पॅचर, म्हणजे ॲपलने यादीतून काढलेल्या जुन्या मॅकवर नवं व्हर्जन चढवायचं सॉफ्टवेअर, वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, ते बनवणाऱ्या पोरांनी फुकटात काय भारी काम केलंय, आमच्या दुकानातल्या एका जुन्या मॅकवर मी स्वतः वापरतो. पण त्याची पद्धत समजून घ्यायला लागते. सोनोमा नुसता इन्स्टॉल करून भागत नाही, नंतर रूट पॅच मारायचा असतो, त्यातून ॲपलने काढलेले ग्राफिक्स आणि वायफायचे जुने ड्रायव्हर परत आत जातात, आणि ॲपलचं पुढचं अपडेट आलं की सिस्टिम नव्याने लिहिली जाते आणि तो पॅच पुसला जातो, मग परत मारायचा, दर वेळी. तुम्ही व्हॉट्सॲपवर जो फोटो पाठवलात त्यात खालचा डॉक (ॲपच्या चिन्हांची पट्टी) पारदर्शक न दिसता राखाडी ठोकळ्यासारखा दिसतोय आणि वर वायफायच्या चिन्हावर काट आहे, आणि तुम्हीच सांगितलंत की आदल्या रात्री अपडेटचं विचारलं म्हणून ओके केलं. म्हणजे अपडेटने पॅच गेला, बाकी काही नाही. हार्डवेअर ठणठणीत आहे.

आमच्या पोराने फोनवर उपाय पण सांगितला होता पण तुम्ही "मला टेक्निकल सांगू नका" म्हणून फोन ठेवलात. तर इथे परत लिहितो, दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. या मशीनला डाव्या बाजूला चार्जरच्या पिनेशेजारी लॅनचं पोर्ट आहे (नंतरच्या रेटिना स्क्रीनवाल्या मॅकबुकना ते नाही), राउटरमधून केबल आणून त्यात लावा, नेट सुरू होईल, मग पॅचर उघडून पोस्ट इन्स्टॉल रूट पॅच दाबा आणि रीस्टार्ट करा. आणि सेटिंगमधे जाऊन ऑटोमॅटिक अपडेट पहिलं बंद करा.

क्रोमची तक्रार मात्र खरी आहे, कॅटालिनावर क्रोम १२८ ला थांबलं, ते २०२४ मधलं व्हर्जन. म्हणूनच मशीन देताना फायरफॉक्स टाकून डॉकमधे पुढे ठेवला होता. हे पण सांगितलं होतं की कॅटालिनाला सिक्युरिटी अपडेट जुलै २०२२ नंतर आलेलं नाही त्यामुळे बँकेचे व्यवहार यावर नको, ते फोनवर करा. कॉलेजचं लिखाण, पीडीएफ, लेक्चर बघणं, एवढ्यासाठी घेतलंत आणि एवढं ते आरामात करतं. स्वस्तात मॅक पाहिजे तर मी आजही हेच मॉडेल सुचवतो कारण मागचे दहा स्क्रू काढले की रॅम, हार्डडिस्क, सगळं हाताशी येतं, नंतरच्या मॉडेलमधे रॅम बोर्डावरच चिकटवलेली. तुमच्यात ८ जीबी रॅम आणि एसएसडी आम्ही घातली, आणि या मॉडेलची हार्डडिस्कची चपटी केबल हमखास दगा देते म्हणून ती पण न मागता नवी टाकली, ते रिव्ह्यूत कुठे आलं नाही, असो.

वॉरंटी हार्डवेअरची आहे, बिलावर मराठीत लिहिलंय. घरी टाकलेल्या सॉफ्टवेअरची ती कशी काय देणार?

तरीपण आणा मशीन, परत कॅटालिना टाकून देतो, पैसे नकोत. फुकट करतोय म्हणजे आमचं चुकलं असा अर्थ काढू नका, मुलीची परीक्षा जवळ आलीय असं तुम्ही म्हणालात म्हणून. एकच गोष्ट आणायच्या आधी करा, सोनोमात उघडलेली फोटोजची लायब्ररी कॅटालिनात उघडत नाही आणि टाइम मशीनचा बॅकअप पण खालच्या व्हर्जनवर अख्खा परत चढत नाही, त्यामुळे सगळे फोटो ओरिजिनल म्हणून एक्सपोर्ट करून बाहेरच्या डिस्कवर घ्या, फाइली पण हाताने कॉपी करा, आणि डिस्क उघडून बघून खात्री करा, कारण आम्ही एसएसडी पूर्ण फॉरमॅट करणार. मग चालू करताना ऑप्शन, कमांड आणि आर या कळा एकत्र दाबून ॲपलच्या सर्व्हरवरूनच कॅटालिना उतरवतो, नेट कसं चालतंय त्यावर अर्धा दिवस जातो, सकाळी देऊन संध्याकाळी न्या.

आमच्या इथे पुण्याच्या तपकीर गल्लीत चारचाकी आणू नका, लावायला जागा मिळत नाही. आणि चार्जर आठवणीने आणा, जुन्या मॅगसेफचा (चुंबकी पिनेचा) चार्जर आमच्याकडे एकच उरलाय आणि तो टेस्टिंगच्या टेबलावर लागतो.