‘तीन वर्षं म्हणजे चेष्टा आहे’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खाली दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरोबर वाटलं नाही म्हणून वेगळी पोस्टच टाकतोय. बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की हॅकिंगची शिक्षा सरसकट वाढवू नये. त्यावर या सरांचं म्हणणं असं की त्यांच्या सासऱ्यांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने एक एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) आली, त्यांनी ती उघडली आणि खात्यातून साडेचार लाख गेले, अजून एक रुपया परत आलेला नाही. अमेरिकेत हॅकरला वीस-वीस वर्षं आत टाकतात आणि आपल्याकडे तीन वर्षं, वर जामीन, म्हणजे चेष्टा आहे. किमान दहा वर्षं आणि बिनजामीन करा. आणि ‘तुमच्यासारख्या कम्प्युटरवाल्यांना हॅकरचाच पुळका येतो’.

पुळका नाही हो. सासऱ्यांचं ऐकून खरंच वाईट वाटलं, निवृत्त माणसाचे साडेचार लाख म्हणजे काय ते मला सांगायला नको. आणि ज्याने ते नेले तो तुरुंगात गेला पाहिजे यात तुमचं-माझं काहीच भांडण नाही. भांडण आहे ते ‘सरसकट’ या शब्दावरून.

आधी कायद्यात काय आहे ते बघू, कारण तुमच्या प्रतिक्रियेत अर्धंच आलंय. आपला आयटी ॲक्ट २००० सालचा, २००८ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. कलम ४३ मध्ये यादी आहे: मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरणं, डेटा उतरवून घेणं, व्हायरस सोडणं, सिस्टीम बंद पाडणं वगैरे. यातलं काहीही केलं तर नुकसानभरपाई. आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं तर कलम ६६, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड, ओटीपी, सही वापरली तर ६६ सी, कम्प्युटर किंवा फोनवरून तोतयेगिरी करून फसवलं तर ६६ डी, दोन्हींना तीन वर्षं आणि एक लाखापर्यंत दंड. आणि हो, तीन वर्षांचे गुन्हे जामीनपात्र, ते तुमचं बरोबर आहे.

पण हे इथे संपत नाही. सरकारने ‘संरक्षित’ म्हणून जाहीर केलेल्या सिस्टीममध्ये शिरलात तर कलम ७०, दहा वर्षं. आधारच्या मुख्य डेटाबेसमध्ये शिरलात तर आधार कायद्याखाली आधी तीन वर्षं होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती दहा केली. जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १११, संघटित गुन्हेगारी, त्यात सायबर गुन्हे नाव घेऊन घातलेत, किमान पाच वर्षं ते जन्मठेप. आणि आयटी ॲक्टमध्येच ६६ एफ आहे, सायबर दहशतवाद, त्यालाही जन्मठेप. म्हणजे आपल्याकडे कडक शिक्षा नाहीत असं कुणी म्हणत असेल तर त्याने हे कायदे उघडून बघितलेले नाहीत. शिवाय सासऱ्यांच्या केसमध्ये न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ (४) लागतं, जुनं ४२०, त्याला सात वर्षं आहेत आणि ते जामीनपात्र नाही.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती मी लपवणार नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एका डेटाचोरीच्या प्रकरणात म्हटलं की तोच गुन्हा आयटी ॲक्टमध्ये बसत असेल तर त्याच कृत्यासाठी आयपीसीची, म्हणजे जुन्या दंडसंहितेची, ४०८, ४२० ही कलमं वेगळी लावता येणार नाहीत. विशेष कायदा असताना सामान्य कायदा नाही, असा त्याचा आधार. आता याचा परिणाम काय, तर आरोपीचा वकील पहिल्याच दिवशी हा निकाल पुढे करू शकतो की माझ्या अशिलाचा गुन्हा जामीनपात्र कलमातला आहे. तेव्हा तुमचा संताप हवेतला नाही.

पण उपाय म्हणून तुम्ही जे सुचवताय, म्हणजे ६६ सरळ दहा वर्षांचं आणि बिनजामीन, त्याने कोण अडकेल हे बघा.

जुन्या दंडसंहितेत आपल्याकडे केवढी बारीक उतरंड होती. साधी चोरी, तीन वर्षं. घरफोडी वेगळी, रात्रीची घरफोडी आणखी वेगळी. जबरी चोरी, दहा वर्षं. पाच जणांनी मिळून केली की दरोडा, जन्मठेपेपर्यंत. गावातला हवालदारसुद्धा यातला फरक झोपेत सांगेल. कारण शतकभर कोर्टात हे प्रश्न घासले गेलेत, हत्यार होतं का, रात्र होती का, किती जण होते, कुणाला इजा झाली का. कम्प्युटरच्या गुन्ह्यात मात्र ६६ च्या एकाच पोत्यात सगळे: मैत्रिणीचं फेसबुक उघडणारा, कंपनी सोडताना क्लायंटची यादी पेनड्राइव्हवर नेणारा, आणि हॉस्पिटलचे सर्व्हर लॉक करून खंडणी मागणारा. पहिल्याला आणि तिसऱ्याला एकच कलम, एकच कमाल शिक्षा! तिसऱ्यासाठी तीन वर्षं कमीच आहेत, मान्य, शंभर टक्के मान्य. पण पोतं तसंच ठेवून वरचा आकडा दहा केलात तर पहिलाही दहाच्या छायेत येतो, आणि पोलिसांच्या हाती नेहमी पहिलाच लागतो, कारण तो त्याच्याच घरच्या वायफायवरून, स्वतःच्या नावाच्या सिमवरून हे करतो.

हे मी कल्पनेने बोलत नाहीये, तुम्ही ज्या अमेरिकेचा दाखला दिलात तिथेच हे झालंय. तिथला कायदा १९८६ चा, कम्प्युटर फ्रॉड अँड अब्यूज ॲक्ट. त्याखाली ज्युरीसमोर चाललेला पहिला मोठा खटला रॉबर्ट मॉरिसचा. १९८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या या विद्यार्थ्याने एमआयटीच्या मशीनवरून एक वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) सोडला आणि तेव्हाच्या इवल्याशा इंटरनेटवरची हजारो मशीन गुदमरली. दोषी ठरला. शिक्षा? तीन वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर), ४०० तास समाजसेवा आणि दहा हजार डॉलरच्या आसपास दंड. पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला.

नंतर त्या कायद्याला एकामागून एक दुरुस्त्या जोडत गेले, कलमं रुंद झाली, आकडे वाढले. आणि त्याच एमआयटीत ॲरन स्वार्ट्झचं प्रकरण घडलं. या मुलाने २०१० च्या शेवटी तिथल्या एका इमारतीच्या तळघरातल्या वायरिंगच्या कपाटात लॅपटॉप ठेवला, नेटवर्कला जोडला आणि जेस्टोर या ऑनलाइन ग्रंथालयावरचे लाखो संशोधन लेख उतरवून घेतले. पैसे चोरले नाहीत, कुणाचं खातं रिकामं केलं नाही. परवानगीच्या बाहेर गेला हे खरं, हेल्मेट तोंडासमोर धरून त्या खोलीत शिरला हेही खरं, म्हणजे आपण करतोय ते चालणार नाही याची त्याला जाणीव होती. काहीच कारवाई नको असं मी म्हणत नाही. पण जेस्टोरने त्याच्याशी समझोता केला, दिवाणी दावा लावला नाही, आणि तरी सरकारी वकिलांनी जुलै २०११ मध्ये जाहीर केलं की ३५ वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. २०१२ मध्ये आरोप वाढवून १३ केले, त्यातले ११ या कायद्याखालचे. आणि दुसऱ्या हाताने ऑफर काय, तर तेराच्या तेरा गुन्हे कबूल कर, सहाएक महिन्यांत सुटशील. एकीकडे ३५ वर्षं आणि एकीकडे सहा महिने! सरकारच्याच मते त्याने केलेलं कृत्य सहा महिन्यांच्या लायकीचं होतं, तर ३५ चा आकडा कशासाठी होता? घाबरवून कबुली घेण्यासाठी. त्याने नकार दिला. ११ जानेवारी २०१३ ला, खटला उभा राहण्याआधीच, २६ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याच्या नावाने कायदा सौम्य करायचं विधेयक त्याच वर्षी आलं, पास झालं नाही.

मला या गोष्टीचा राग येतो, अजूनही येतो, आणि तो पुळका नाही. कमाल शिक्षा खूप मोठी ठेवली की ती न्यायाधीशाच्या हातात राहत नाही, ती तपास करणाऱ्याच्या आणि वकिलाच्या हातातलं हत्यार होते. आपल्याकडे तर खटला उभा राहायलाच वर्षं जातात, तिथे बिनजामीन म्हणजे निकालाआधीच शिक्षा भोगून झाली.

तुम्ही म्हणता ती वीस वर्षं कुणाला झाली? अल्बर्ट गोन्झालेसला, २०१० मध्ये. टीजेएक्स, हार्टलँड अशा कंपन्यांमधून त्याच्या टोळीने कोट्यवधी कार्डांचे नंबर चोरून विकले होते. त्याला वीस वर्षं झाली तर माझी काहीच तक्रार नाही. पण त्याच कायद्याखाली जॉर्जिया राज्यातला एक पोलीस सार्जंटही अडकला होता, त्याने पैसे घेऊन पोलिसांच्याच डेटाबेसमध्ये एका गाडीचा नंबर बघितला. लाच घेतली ते चूकच, पण ज्या सिस्टीमचं लॉगिन त्याला अधिकृत दिलंय तिथे बघणं म्हणजे हॅकिंग का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि जून २०२१ मध्ये ६ विरुद्ध ३ ने निकाल लागला की हे हॅकिंग नाही. मे २०२२ मध्ये तिथल्या न्याय विभागाने धोरणही काढलं की चांगल्या हेतूने सुरक्षेतल्या त्रुटी शोधणाऱ्यांवर या कायद्याखाली खटले भरायचे नाहीत. म्हणजे ज्या देशाकडे बघून आपण कडक व्हायचं म्हणतोय तो स्वतः थोडा मागे येतोय.

आपल्याकडे अशा त्रुटी शोधणाऱ्या मुलांना लेखी संरक्षण आयटी ॲक्टमध्ये नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या एका मुलाला एका शिक्षणसंस्थेच्या साइटवर निकाल बघताना दिसलं की पत्त्याच्या पट्टीतला शेवटचा आकडा बदलला की पुढच्या विद्यार्थ्याची मार्कशीट उघडते, फोटो, पत्ता, आईचं नाव, सगळं. त्याने दोन आकडे बदलून खात्री केली आणि संस्थेला मेल केला. उत्तर आलं ते कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्याचं. आता कलम ६६ ला अप्रामाणिक हेतूची अट आहे म्हणून हा मुलगा कोर्टात बहुधा सुटेल, आणि या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा चांगला लिहिलाय असं माझं मत आहे. पण बिनजामीन झालं की हेतू ठरेपर्यंत तो आत. मग पुढचा मुलगा मेल करेल का? भोक तसंच राहील आणि ते सापडेल टोळीला. ६६ एफ तर आणखी विचित्र आहे, राज्याच्या सुरक्षेसाठी मर्यादित ठेवलेल्या माहितीत शिरण्याबद्दल ते बोलतं आणि ती माहिती कशाकशाला अपाय करू शकते या यादीत सार्वभौमत्वाच्या रांगेत अब्रुनुकसानी आणि न्यायालयाचा अवमानही बसवलाय, शिक्षा जन्मठेप. हे कुणी नीट वाचून लिहिलं असेल असं वाटत नाही.

आता कॉसमॉस बँक, कारण तुम्ही पुण्याचे आहात. ऑगस्ट २०१८, बँकेच्या एटीएम स्विचला (कार्डाचा व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेला) बायपास करून खोटी यंत्रणा उभी केली आणि क्लोन (नकली) कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले, दोन दिवसांनी हाँगकाँगच्या खात्यात स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेने) जवळपास १४ कोटी वळवले, एकूण ९४ कोटींच्या वर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना दोषी धरलं, बहुतेकांना चार वर्षं, दोघांना तीन. कोण होते हे? प्रामुख्याने इथल्या एटीएमवर कार्ड घेऊन उभे राहिलेले आणि त्यांना माणसं पुरवणारे. ज्याने स्विच फोडला तो यात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या २०१९ च्या अहवालात याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला आहे. त्या माणसाला तीनच्या जागी तीस वर्षांची भीती दाखवून काय होणार होतं, तो पुण्याच्या कोर्टात येणारच नाहीये.

सासऱ्यांची एपीके पाठवणाराही असाच कुठेतरी बसलाय. त्याला तीन वर्षं आहेत का दहा हे त्याने कधी गुगल केलं नसेल, त्याला एवढं माहितीये की पोलीस पोचत नाहीत. आणि का पोचत नाहीत तेही कायद्यातच आहे: कलम ७८ प्रमाणे या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. एका पोलीस ठाण्यात निरीक्षक किती असतात? त्यांच्याकडे बंदोबस्त असतो, खून असतो, गणपती असतात. उपनिरीक्षकांना शिकवून तपासाचा अधिकार द्या, याची मागणी शिक्षा वाढवा म्हणणारे कुणीच करत नाहीत आणि ती मला दहा वर्षांच्या मागणीपेक्षा कितीतरी जास्त तातडीची वाटते. त्याच्याबरोबर ६६ ची उतरंड करा: नुसतं शिरणं, नुकसान करणं, पैसे काढणं, टोळीने करणं, हॉस्पिटल किंवा वीज बंद पाडणं. शेवटच्याला दहा नाही पंधरा ठेवा, मी तुमच्या बाजूने सही करेन.

आणि पैशांचं. तुरुंगातल्या वर्षांनी सासऱ्यांचे साडेचार लाख परत येत नाहीत, त्यासाठी दुसरा रस्ता आहे जो फार लोकांना माहीत नाही. आयटी ॲक्टच्या कलम ४६ खाली राज्याचे आयटी सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटींपर्यंतचे भरपाईचे दावे ते ऐकू शकतात, बँकेविरुद्धसुद्धा. पुण्याच्याच एका उद्योजकाच्या खात्यातून फिशिंगमुळे (खोट्या मेल-साइटने माहिती काढून घेतल्यामुळे) ८० लाखांच्या आसपास गेले होते, त्यात २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या आयटी सचिवांनी बँकेला ४५ लाख भरपाई द्यायला सांगितलं होतं. ग्राहकाचीही चूक असताना! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केल्याचा नंबर, बँकेला पहिला मेल किती वाजता गेला ती वेळ, आणि व्यवहाराचे मेसेज हे तिन्ही जपून ठेवा, दाव्यात तेच लागतं. एफआयआरमध्ये कुठली कलमं लावलीत, ३१८ (४) आहे का, एवढं बघून इथेच खाली लिहा. ते नसेल तर तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन वाढवून मागता येतं, त्या अर्जाचा मसुदा करायला मी मदत करतो.