हरित इमारत बांधा, पण मीटर बसवू नका

व्यापारी संकुल बांधायचंय आणि ते 'शाश्वत' म्हणवूनही घ्यायचंय ना? मग आधी प्लॉटवरची जुनी, धडधाकट इमारत पाडा. तिच्या काँक्रीट-पोलादापायी झालेलं प्रदूषण जुन्या मालकाचं. तुमचा हिशेब पहिल्या वीजबिलापासून सुरू. जगातल्या कार्बन डायॉक्साइड उत्सर्जनाचा साधारण ७-८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा असतो, असं सल्लागार सांगू लागला तर चहा मागवा. 'सांगाडा ठेवून आतली यंत्रणा तेवढी बदलू' म्हणाला, तर सल्लागार बदला.

पश्चिमेची अख्खी भिंत काचेची हवी. काचेचं क्षेत्र भिंतीच्या ४० टक्क्यांपर्यंतच ठेवा, अशी ॲश्रे ९०.१ या इमारतींच्या ऊर्जाबचतीच्या अमेरिकन मानकाची सरळ वाट आहे. तुम्ही आडवाट धरा: इमारतीचं संगणकीय मॉडेल करा आणि काचेतून आत येणारं ऊन भारी चिलर (वातानुकूलनासाठी पाणी गार करणारं यंत्र) व एलईडी दिव्यांच्या बचतीत जिरवून दाखवा. कागदावर जमतं. प्रत्यक्षात दुपारी चारला त्या बाजूचे सगळे पडदे ओढतात. पडदे काचेच्या आतून असल्यामुळे उष्णता तोवर घरात शिरलेली असते. मग अंधार झाला म्हणून दिवेही लागतात. हरित मानांकनातले नैसर्गिक प्रकाशाचे गुण मात्र आधीच पदरात पडलेले असतात, ते कोणी परत मागत नाही. (काचेबाहेर साधे छज्जे काढले असते तर बरंच काम झालं असतं, पण छज्जा फोटोत आधुनिक दिसत नाही.)

गुण गोळा करताना स्वस्तातले आधी उचला. लीड या हरित इमारतींच्या मानांकनाच्या चौथ्या आवृत्तीत ११० पैकी ४० गुणांना प्रमाणपत्र, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम. सायकल लावायची जागा आणि अंघोळीची सोय केली की एक गुण. सायकली दुसऱ्या तळघरात, मोटारींच्याच उतारावरून न्यायच्या ठेवा; न्हाणीघर झाडू-बादल्यांच्या कामी येतं.

गच्चीवर बाग हवीच. फक्त १० सेंटिमीटर ओल्या मातीचा भार चौरस मीटरला १०० किलोच्या पुढे जातो, हे स्लॅब ओतून झाल्यावर कळवा. वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी साठवून चाचणी घ्यायची असते, पण उद्घाटन जवळ आलेलं असतं. गळती लागली की कुठून लागली ते माती उपसल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा उपसलेली माती पुन्हा वर चढत नाही.

आता मुख्य पथ्य. संपूर्ण इमारतीला एकच मीटर ठेवा. चिलर, पंप, लिफ्ट, दिवे यांना वेगळे मीटर दिलेत तर वीज कुठे जाते ते कळतं, आणि कळलं की प्रश्न येतात. विजेचा खर्च भाड्यातच चौरस फुटावर वाटून टाका. मग दिवे बंद करून भाडेकरूला फायदा नाही आणि चांगली यंत्रणा बसवून तुम्हाला नाही, दोघेही निश्चिंत. यंत्रणेची चाचणी रिकाम्या इमारतीत, एकाच ऋतूत उरका. पुढे कुणीतरी तक्रार करतो, ऑपरेटर पंख्याच्या पॅनेलवरचं बटण 'ऑटो'वरून 'हँड'वर फिरवतो, आणि ते तिथेच राहतं. रविवारीसुद्धा रिकाम्या मजल्यावर गार वारा वाहतो.

राहिला समाजाचा लाभ. जास्तीच्या चटईक्षेत्राच्या बदल्यात 'सर्वांसाठी खुला चौक' द्या. न्यूयॉर्कने १९६१ च्या नियमांत हीच सवलत दिली. २००० साली झालेल्या पाहणीत तिथल्या अशा ५०३ जागांपैकी ४१ टक्के जवळपास निरुपयोगी आढळल्या. जास्तीचे मजले मात्र आधीच पदरात पडलेले. तुमच्या चौकात बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसवा, सावली टाळा, फाटक संध्याकाळी सहाला लावा.

रोजगाराबद्दल 'स्थानिकांना प्राधान्य दिले जाईल' एवढंच लिहा: संख्या नाही, मुदत नाही, दंड नाही. लॉस एंजेलिसमध्ये २००१ साली तेव्हाच्या स्टेपल्स सेंटर या क्रीडागृहालगतच्या प्रकल्पासाठी स्थानिक संघटनांनी करार करून घेतला, त्यात ७० टक्के नोकऱ्यांना पोट भरेल एवढं वेतन देण्याचं उद्दिष्ट आकड्यात होतं. असा आकडा तुमच्या मसुद्यात दिसला तर वकिलाला सांगून 'यथाशक्य' करून घ्या.