चेरीचा उपाय, आंब्याला अपाय

‘खोडातून डिंक आला म्हणजे चेरीला बुरशी. साल तासा, मीठ-हळद चोळा, वर डांबर फासा, बुंध्यात युरिया टाका. पंधरा दिवसांत झाड ठणठणीत.’ बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर हा मजकूर फिरतोय, आणि लोक तो परसातल्या आंब्यावर करून बघतायत.

मुळात चेरी आहे कुठे? बेळगावच्या टिळकवाडीत चेरी समजला जाणारा जो गुलाबी बहरतो, तो टॅबेबुया: एका देठाला पाच पानं, कर्ण्यासारखं फूल. खऱ्या चेरीचं पान सुटं, कडेला बारीक दाते, सालीवर आडव्या रेघा. तिला थंडी लागते. ती शिलाँगला फुलते.

डिंक म्हणजे बुरशीच, हेही खोटं. चेरीत जिवाणूंचा कँकर (साल कुजवणारा रोग), खोडकिडा, कुऱ्हाडीचा घाव, मुळाशी तुंबलेलं पाणी, कशानेही डिंक येतो. आंब्याचंही तसंच. म्हणून आधी डिंक बोटांत चोळून बघा. भुसा लागला तर आत अळी आहे, बोटाएवढी जाड, लाकूड पोखरणारी. भोकात तार घालून ती ओढून काढायची, रॉकेलचा बोळा सारायचा आणि चिखलाने तोंड लिंपायचं. हळदीने तिचं काय बिघडणार?

भुसा नसेल तर चाकूच्या टोकाने साल जराशी उचला. आत ओली, फिकी असेल तर जिवंत. तपकिरी असेल तर मेलेली. तेवढीच मेलेली साल कोरड्या दिवसांत, मृगाच्या आधी, काढून बोर्डो पेस्ट लावा: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. दोन्ही वेगवेगळे, प्लास्टिकच्या बादलीत भिजवून मग एकत्र करायचे. त्यात घासलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. ही पेस्ट पुढची लागण अडवते, आत मुरलेली काढत नाही. चेरीच्या कँकरला तर औषधच नाही, रोगट फांदी उन्हाळ्यात निरोगी लाकडापर्यंत छाटायची.

मीठ मुळांना मारतं. डांबराने ओल आत कोंडते. जखमेभोवती झाड स्वतःच नवं लाकूड धरतं, पेस्टवर आणखी काही न फासता जखम उघडी सोडा. आजारी झाडाला युरिया दिला की कोवळी फूट येते आणि किडीचं फावतं. त्यापेक्षा बुंध्याशी साचणाऱ्या पाण्याला चर काढून द्या, खानापूरच्या पावसात तर आधी तेच.

राहिले पंधरा दिवस. साल कडेने भरून यायला एक-दोन पावसाळे जातात.