चट्टा सरकतोय म्हणून लगेच पोटात ट्यूमर नसतो हो

फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की अंगावरचे लाल चट्टे जागा बदलत असतील तर पोटात हार्मोन सोडणारा छुपा ट्यूमर असतोच, त्यात शुगर वाढलेली असेल तर नक्कीच, क्रीम लावू नका, थेट सीटी स्कॅन करा. माझ्या मावशीने तो वाचून दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही. तिच्या कमरेला, परकराच्या नाडीखाली, गोल चट्टा होता, कडा उठलेली आणि मधे साफ. नायटा निघाला, म्हणजे साधं फंगल इन्फेक्शन.

आधी ते "असतोच" बघू. आजार खरा आहे, ग्लुकागोनोमा म्हणतात, स्वादुपिंडातली गाठ ग्लुकागॉन नावाचं शुगर वाढवणारं हार्मोन भरमसाट सोडते, पण वर्षाला साधारण २ कोटी लोकांत एखाद्याला होतो. नायटा मात्र आपल्याकडे घरोघरी.

शुगरचं म्हणाल तर डायबिटीसवाल्यांना जांघेत, काखेत फंगल इन्फेक्शन तसंही लवकर होतं, त्यामुळे शुगर आणि चट्टे एकत्र दिसले म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

पण मेसेज अगदीच हवेतला नाही, म्हणून तर जास्त राग येतो, कारण कामाचं तेवढंच त्यात नाहीये. ग्लुकागोनोमाचा चट्टा बहुतेक वेळा जांघेत, कुल्ल्यांवर, ओटीपोटावर, पायांवर येतो, लाल होतो, पाणी धरतो, फुटतो, खपली धरते, मधलं बरं होऊन काळपट डाग राहतो आणि कड पुढे सरकत जाते, आग आग होते. सोबत वजन उतरतं, जीभ लालबुंद होते, ओठांचे कोपरे चिरतात, हिमोग्लोबिन कमी होतं. डॉक्टरांनी १९४२ मध्येच याची नोंद केलीय, तरी आजही कित्येक पेशंट वर्षानुवर्षं एक्झिमा म्हणून मलमं लावत बसतात आणि निदान होईपर्यंत गाठ लिव्हरपर्यंत पोचलेली असते.

थेट सीटी स्कॅन पण नको. आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, ते चट्टा खरवडून फंगस बघतील, तसाच संशय आला तर कातडीचा तुकडा तपासतील, उपाशीपोटी रक्तातलं ग्लुकागॉन बघतील, स्कॅन त्यानंतर. शिवाय असाच चट्टा लिव्हर सिऱ्हॉसिसमध्ये किंवा झिंक कमी पडल्यावरही येतो, गाठ नसताना.

आणि क्रीमचं, मेडिकलवाल्याने हातात दिलेली स्टेरॉइडची ट्यूब खरंच लावू नका, नायटा त्याने दबतो आणि आणखी पसरतो. पण डॉक्टरांनी दिलेलं औषध मेसेज वाचून बंद करायचं नाही. मावशीने केलं होतं, आता पुन्हा पहिल्यापासून गोळ्या चालू आहेत.