‘मोबाइलवर दिसतंय की सगळं!’: एका फिरत्या मजकुराला उत्तर

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं सार असं: घरात कॅमेरे बसवलेत ना, मग दर महिन्याला पैसे मोजून मॉनिटरिंग सेवा, म्हणजे कंपनीच्या कंट्रोल रूममधल्या माणसानं आपल्या घराच्या अलार्मवर लक्ष ठेवणं, घेणं म्हणजे वेडेपणा. कारणं पाच दिलेली असतात. मोबाइलवर सूचना येतेच. काही झालंच तर पोलिसांचा ११२ हा नंबर आहे. रेकॉर्डिंगवरून चोर सापडतो. मॉनिटरिंगवाले तुमच्या घरात डोकावतात. आणि विम्याचा हप्ता कमी होतो म्हणतात, ते फक्त परदेशात. खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

यातलं एक कारण बरोबर आहे आणि एक अर्धं बरोबर. बाकीच्या तिनांवर भिस्त ठेवून कुणी घराला कुलूप लावून गावी जाऊ नये, म्हणून हा खटाटोप.

‘मोबाइलवर सूचना येतेच’

येते. पण ती बघायला त्या क्षणी कोण जागं असतं? रात्री अडीच वाजता फोन सायलेंटवर असतो. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी कॅमेऱ्याचं अ‍ॅपच झोपवून टाकतात. त्यात कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यांवर रात्री किडे जमतात, किड्यांमागून कोळी येतो, जाळं वाऱ्यानं हललं की फोन वाजतो. मांजर गेलं, वाजला. पावसाची सर आली, वाजला. थोड्याच दिवसांत माणूस सूचना बंद करून टाकतो, आणि मग खरी सूचनाही येत नाही.

समजा सूचना आली, पाहिलीही. पुढे काय? रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी घरं गणपती आणि मे महिना सोडला तर बंद असतात. मुंबईतल्या चाकरमान्यानं गावच्या घराचा कडीकोयंडा तुटताना फोनवर पाहिला, तरी गाव सात-आठ तासांवर. मुलगी न्यू जर्सीत असेल तर इथल्या रात्री दोनला तिथं आदल्या दिवसाची दुपार असते आणि ती मीटिंगमध्ये असते. मॉनिटरिंगचे पैसे आपण देतो ते जागं राहणाऱ्या माणसाचे आणि त्यानं कुणाला, कोणत्या क्रमानं फोन करायचा या ठरलेल्या यादीचे.

शिवाय मॉनिटरिंगला कॅमेरा लागतोच असंही नाही. दाराला चुंबकीय सेन्सर, दिवाणखान्यात हालचाल टिपणारा पीआयआर, त्यांचे सिग्नल गोळा करून कंपनीकडे पाठवणारं एक पॅनेल आणि हूटर एवढ्यावर ते चालतं. विदर्भातल्या वाचकांनी मात्र इथं थांबावं. पीआयआर हा शरीर आणि परिसर यांच्या तापमानातला फरक ओळखतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या बंद घरात हवाच अंगाइतकी तापलेली असते आणि सेन्सरला माणूस नीट ‘दिसत’ नाही. तिथं पीआयआर आणि मायक्रोवेव्ह (लहरी सोडून हालचाल टिपणारा) असा दुहेरी सेन्सर मागा. विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही.

‘११२ आहे ना’

आहे, आणि यंत्रणा चांगली आहे. पण ११२ ला कुणीतरी फोन करावा लागतो. पॅनेलचा सिग्नल आपोआप पोलिस ठाण्यात जातो अशी अनेकांची समजूत असते, ती हॉलिवूडच्या सिनेमांतून आलेली. केरळ पोलिसांनी केल्ट्रॉन या सरकारी कंपनीबरोबर अशी थेट जोडणी केली आहे. महाराष्ट्रात साधारणपणे मधे एक माणूस असतोच.

आणि तो माणूस कुठं बसलाय हे फार महत्त्वाचं. ११२ चा फोन, करणारा जिथं असेल तिथल्या राज्याच्या केंद्राला लागतो. न्यू जर्सीतून ११२ फिरवलं तर महाराष्ट्र पोलिस उचलत नाहीत. हाच पेच कंपनीलाही पडतो. तिची कंट्रोल रूम बंगळुरूत असेल तर तिथून फिरवलेलं ११२ कर्नाटकात वाजणार. म्हणून सेवा निवडताना पहिला प्रश्न हा: तुमची कंट्रोल रूम कोणत्या शहरात, आणि आमच्या हद्दीच्या पोलिस ठाण्याचा थेट नंबर तुमच्या पडद्यावर आहे का? विक्रेता चाचरला, तर उत्तर मिळालं म्हणून समजा.

पोलिसांना कळवण्याआधी खात्री करणंही याच माणसाचं काम. अमेरिका-युरोपात खोट्या अलार्मांनी पोलिस इतके कावले की ब्रिटनमध्ये घरफोडीच्या अलार्मवर गाडी पाठवण्यासाठी साधारणपणे दोन वेगळ्या सेन्सरांनी किंवा ध्वनी-चित्रानं दुजोरा द्यावा लागतो. आपल्याकडे बिनावॉचमनच्या एटीएमवर हे रोज चालतं. दूरच्या खोलीतला माणूस कॅमेऱ्यात बघतो, हूटर वाजवतो, स्पीकरवरून दरडावतो. घरासाठी ‘बोलता येणारी’ सेवा मिळत असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. आपल्याला कुणीतरी बघतंय हे कळलं की बहुतेक भुरटे तिथंच पाय काढतात.

गावी राहणाऱ्यांना एक पर्याय जवळच आहे. महाराष्ट्रात अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते. एका टोल-फ्री नंबरवर फोन केला की तोच आवाज नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या फोनवर जातो. कंपनीच्या संपर्क-यादीत गावातला असा एक माणूस पहिला असावा आणि मुंबईतला घरमालक दुसरा. लोक नेमकं उलटं करतात.

‘रेकॉर्डिंगवरून चोर सापडतो’

‘जाताना चोरट्यांनी डीव्हीआरही (रेकॉर्डिंग साठवणारा डबा) नेला’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत इतक्यांदा छापून आलंय की चोरांनाही पाठ असावं. डीव्हीआर वाचला तरी चित्रात तोंडाला रुमाल असतो. न्यायालयात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही लागतं. रेकॉर्डिंग हवंच, पण ते घडून गेलेल्याबद्दल बोलतं.

‘कंपनीची माणसं घरात डोकावतात’

हे अर्धं बरोबर, आणि ते हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेत एडीटी या मॉनिटरिंग कंपनीच्या टेक्सासमधल्या एका तंत्रज्ञानं ग्राहकांच्या खात्यांत स्वतःचा ईमेल घालून त्यांच्या घरातले कॅमेरे पाहिले. २०२१ मध्ये त्याला ५२ महिन्यांचा तुरुंगवास झाला. अ‍ॅमेझॉनच्या रिंग या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीनं अशाच तक्रारींवरून २०२३ मध्ये ५८ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवलं.

पण म्हणून बाजारातला स्वस्त कॅमेरा स्वतःच लावला की आपण सुरक्षित, हा निष्कर्ष उफराटा आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमच्या हल्ल्यात कारखान्याचाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरातून वेठीला धरले गेले होते. भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली ती एप्रिल २०२५ पासून. त्याआधीचे अजून भिंतींवर आहेत. तेव्हा कॅमेरा दारावर आणि व्हरांड्यात ठेवा, झोपायच्या खोलीत अजिबात नको. कंपनीला चित्र दिसावं ते फक्त अलार्म वाजल्यावर, तेही काही सेकंदांचं. हे करारात लिहून घ्या आणि कोणी कधी पाहिलं याची नोंद मागता येते का ते विचारा.

‘विमा स्वस्त होतो ते परदेशातच’

इथं मजकूर लिहिणाऱ्याशी माझा वाद नाही. ‘भारत गृह रक्षा’ ही २०२१ पासूनची प्रमाणित पॉलिसी मुळात आग, पूर वगैरेंसाठी आहे. चोरी त्यात येते ती अशा घटनेनंतरच्या सात दिवसांतली. नुसत्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. विक्रेता हप्त्यात सूट मिळेल म्हणाला तर विमा कंपनीचं पत्र दाखवायला सांगा.

मजकुरात नसलेली एक गोष्ट मात्र मला या पाचांपेक्षा मोठी वाटते. चोरानं आधी मेन स्विच पाडला किंवा इंटरनेटचं फायबर कापलं, तर पॅनेल गप्प होऊ शकतं. त्या गप्प होण्याची कंट्रोल रूमला किती वेळात खबर लागते? चांगलं पॅनेल ठरावीक अंतरानं ‘मी आहे’ असा सिग्नल पाठवत राहतं; तो चुकला की पडद्यावर लाल खूण. युरोपातल्या ईएन ५०१३६ मानकात हा वेळ श्रेणीनुसार बांधून दिलेला आहे. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत बहुधा त्याचा उल्लेखही नसतो, म्हणून आकडा लेखी मागा. वायफायबरोबर सिमही हवं. पॅनेलमधलं सिमचं मॉड्यूल २जी असेल तर जिओचं सिम चालणार नाही, कारण जिओचं २जी नेटवर्कच नाही. पॅनेल मालकीचं की भाड्याचं, कंपनी बदलली तर तेच चालेल का, आणि घटनास्थळी माणसं पाठवणार असतील तर २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालचा परवाना आहे का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

मग पैसे भरण्याआधी चाचणी. आधी न कळवता, मध्यरात्रीनंतर, राउटर बंद करून दार उघडा आणि फोन किती वेळानं येतो ते बघा. घरात कायम कुणीतरी असेल आणि शेजार जागा असेल, तर मजकूरवाल्याचंच ऐका: सेवा घेऊ नका, त्या पैशात दाराला बरं कुलूप आणि खिडक्यांना ग्रिल बसवा.